कचरा, सपाट पट्टे आणि शून्य विरोध : सोलापुरातून दिसणारा शंभर वर्षांचा शोध

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी एका तालात जोडलं गेलं. 'एक देश, एक ग्रीड' म्हणतात ती गाठ आपल्या सोलापूरजवळ मारली गेली. गावात कुणी फटाके वाजवले नाहीत. चादर, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या यादीत ही गोष्ट कुणी घालत नाही. पण घालायला हवी.

आता या तारांमधून वीज वाहताना थोडी वाटेत जातेच. तार गरम होते, म्हणजे ती वीज आपण आभाळाला दिली. महावितरणच्या तोट्यात चोरी आणि बिघडलेली मीटरंही असतात, सगळा दोष तारेवर ढकलू नका. पण तारेचा स्वतःचा विरोध हा भाग खरा आहे. व्होल्टेज ७६५ केव्हीपर्यंत चढवण्याचं एक मोठं कारण तेच. तेवढीच वीज कमी करंटमध्ये नेता येते आणि तार कमी तापते.

मग प्रश्न येतो की विरोध शून्यच झाला तर? अशा वस्तू आहेत. त्यांना सुपरकंडक्टर, मराठीत अतिसंवाहक म्हणतात. आणि दर दोन-तीन वर्षांनी व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड येतो की 'शास्त्रज्ञांनी शोध लावला, आता वीज फुकट'. मी तीसेक वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. जुने विद्यार्थी असे फॉरवर्ड मला पाठवतात आणि विचारतात, "सर, हे खरं का?" दर वेळी दोन ओळींत उत्तर देऊन कंटाळलो. म्हणून आज हा सगळा इतिहास, आपल्या भागातून जसा दिसतो तसा.

१. जमखंडीची नारिंगी रेषा

अतिसंवाहकतेची गोष्ट थंडीपासून सुरू होते आणि थंडीची गोष्ट हेलियमपासून. हेलियमची सुरुवात तर आपल्या शेजारीच झाली.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा दख्खन ओलांडून विजापूर, जमखंडी करत पुढे गुंटूर आणि मच्छलीपट्टणमकडे गेला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण आणि वर्णपटदर्शक लावून बसले होते. प्रसिद्ध हर्शेल घराण्यातले हे गृहस्थ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना झळझळीत रेषा दिसल्या. त्यातली नारिंगी रेषा त्यांना सोडियमची वाटली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनीही ज्वाळांच्या रेषा पाहिल्या, आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे ओळखलं.

दोन महिन्यांनी इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांनी तीच रेषा ग्रहणाशिवाय पाहिली. मोजल्यावर कळलं की ती सोडियमच्या जागेवर नाही, जराशी सरकलेली आहे. म्हणजे मूलद्रव्य वेगळं. सूर्यावर सापडलं म्हणून नाव हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्से यांना मिळालं १८९५ मध्ये.

इथे एक गोष्ट नीट करून घेऊ. लॉकियर यांनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला असं आपल्याकडे दरवर्षी छापून येतं. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. विजयदुर्ग मोठा आहे, त्याला उसनं मोठेपण लागत नाही. आणि खरा इतिहास काही कमी मराठी नाही. त्यात जमखंडी आहे, विजापूर आहे.

हा हेलियम द्रवरूप करायला चाळीस वर्षं लागली. १० जुलै १९०८ ला हॉलंडमधल्या लायडन शहरात कामरलिंग ओनेस यांनी ते जमवलं. त्यांनी हेलियम मोनाझाइट वाळूतून काढला होता. तो उकळतो ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ सेल्सियसला. सोलापूरचा मे महिना धरला तर तीनशे अंशांहून जास्त खाली. या थंडीत १९११ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतविरोध मोजला आणि ४.२ केल्विनजवळ तो एकदम गायब झाला. हळूहळू कमी झाला असं नाही, दार लोटावं तसा.

भारतात हेलियम द्रवरूप करायचं यंत्र पहिल्यांदा आलं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, १९५२ मध्ये. मधली चाळीस वर्षं आपण या खेळात नव्हतोच. आणि आजही आपण वापरतो तो हेलियम जवळपास सगळा बाहेरून येतो. ज्याची रेषा जमखंडीत दिसली, त्याच्या सिलिंडरसाठी आपण परदेशी जहाजांची वाट बघतो.

२. जोडीने चाललेली माणसं

विरोध गायब का होतो, हे कळायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी उत्तर दिलं. त्यांच्या आडनावांवरून त्याला बीसीएस सिद्धांत म्हणतात. नोबेल १९७२ चं.

उत्तराचा गाभा असा. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, कारण दोघांचाही भार ऋण. पण धातूत धन आयनांची जाळी असते. इलेक्ट्रॉन जाताना जाळी किंचित त्याच्याकडे झुकते. तो निघून जातो, पण जाळी सावकाश सरळ होते. तेवढ्या वेळात त्या झुकलेल्या जागी दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. अशी दोघांची जोडी जमते, आणि सगळ्या जोड्या एकाच लयीत चालायला लागल्या की धक्के देऊन त्यांना विस्कटणं कठीण होतं. विरोध संपतो.

या युक्तिवादात एक अट दडलेली आहे, ती लक्षात ठेवा. पुढे सगळी गंमत तीच करणार आहे. इलेक्ट्रॉन जाळीपेक्षा खूप वेगवान हवा. तो निघून गेला पाहिजे आणि जाळी मागे रेंगाळली पाहिजे. इलेक्ट्रॉनच सुस्त निघाला तर हे गणित तसंच्या तसं लागू होत नाही.

बीसीएसवाल्या वस्तू आज सोलापुरातही आहेत. एमआरआय काढायला त्या बोगद्यात झोपला असाल, तर तुमच्याभोवती निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रव हेलियमच्या थंडीत होती. त्यातला करंट एकदा सोडला की फिरत राहतो. म्हणजे अतिसंवाहक ही भविष्यातली जादू नाही. त्यातून गेलेली माणसं आपल्या गल्लीत आहेत.

३. १९८७ : कोल्हापूरपर्यंत आलेली लाट

१९८६ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दिसली. ऑक्साइड म्हणजे भाजलेल्या मातीच्या कौलाचा नातेवाईक. त्यातून साधी वीज जायची मारामार, तिथे विरोध शून्य! पुढच्याच वर्षी अमेरिकेत इट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइड ९० केल्विनच्या वर गेलं. आता हेलियमची गरज नाही, ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरे. तो रेतन केंद्रावर जनावरांच्या वीर्यकांड्या ठेवायला वापरतात तोच.

बंगळुरूला सी. एन. आर. राव यांच्या गटाने हे संयुग स्वतंत्रपणे ओळखलं. जानेवारी १९८७ मध्ये बंगळुरूच्याच एका परिषदेत फिल अँडरसन यांनी या नव्या पदार्थांबद्दलची आपली कल्पना मांडली, आणि त्यावर पुढचं गणित करणाऱ्यांत गणपती भास्करन हे भारतीय नाव अगदी पहिल्या रांगेत आहे.

ही लाट आपल्यापर्यंतही आली. तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २००४ मध्ये. इथली पोरं एम.एस्सी.ला कोल्हापूरची एसटी धरायची. तिथे एस. एच. पवार यांच्या प्रयोगशाळेत या ऑक्साइडचे पातळ थर विद्युत-निक्षेपणाने, म्हणजे भांड्याला मुलामा चढवतात त्या जातीच्या पद्धतीने बनवायचं काम चाले. परदेशात लाखो डॉलरची निर्वात यंत्रं लागायची, इथे द्रावणात दोन पट्ट्या बुडवून तोच प्रश्न हाताळायचा. त्या कामाने जग हललं नाही, पण विद्यार्थी तयार झाले. माझ्या मते जिल्ह्याच्या ठिकाणी विज्ञान असंच उगवतं. मोठं यंत्र येईपर्यंत कुणी हात बांधून बसत नाही.

पण तांब्याच्या ऑक्साइडने एक खोल जखम केली. बीसीएसला ते नीट समजावता येईना. चाळीत प्रत्येक खोलीत एकच भाडेकरू आहे आणि दुसऱ्याला आत घ्यायला कुणी तयार नाही, असं समजा. मग कुणीच हलू शकत नाही. खोल्या आहेत, माणसं आहेत, तरी जिना ओस. इलेक्ट्रॉन एकमेकांना इतकं ढकलतात की सगळा धातू अडकून पडतो. अशा घट्ट गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वस्तूत चार-दोन खोल्या रिकाम्या केल्या की एकदम अतिसंवाहकता येते. का येते, यावर आज जवळपास चाळीस वर्षं झाली तरी सर्वांचं एकमत नाही.

४. मुंबईचा कचरा, १९९४

आता मुंबईला या. कुलाब्याच्या टोकाला टीआयएफआर. होमी भाभांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९४५ मध्ये उभारलेली संस्था.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एस. के. धर आणि सहकारी इट्रियम-निकेल-बोरॉनच्या संयुगांवर काम करत होते. आयआयटी मुंबईचे बी. डी. पडालिया आणि फ्रान्सचे गोदार हेही सोबत होते. त्यांच्या नमुन्यात १२ केल्विनजवळ अतिसंवाहकतेची अंधुक खूण दिसली. पण ती नमुन्याच्या छोट्याशा भागातच होती. निकेल हे चुंबकी धातू. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचं सासू-सुनेचं नातं. निकेलमध्ये हे दिसावं अशी अपेक्षा कुणाची नव्हती.

सोपा मार्ग होता : 'कचरा असेल, नमुना टाका'. त्यांनी उलट केलं. कचरा आहे तर कसला आहे, हे शोधलं. तो निघाला कार्बन. मग त्यांनी कार्बन मुद्दाम घातला आणि पूर्ण नमुना अतिसंवाहक झाला. जानेवारी १९९४ मध्ये हे 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आलं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या बेल लॅब्समधून रॉबर्ट कावा यांच्या गटाने याच घराण्यातली संयुगं जाहीर केली. पॅलेडियमचं एक २३ केल्विनपर्यंत गेलं. बोरोकार्बाइड नावाचं एक अख्खं कुटुंब तयार झालं, आणि त्यातल्या काही सदस्यांत चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच छपराखाली नांदतात असं दिसलं.

कचऱ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी परत लागणार आहे.

५. बिस्मथ, २०१६

त्याच टीआयएफआरमधली दुसरी गोष्ट. बिस्मथ हा जुना, सगळ्यांनी चघळलेला धातू. पोटाच्या औषधातही असतो. दाब दिला किंवा त्याची स्फटिकरचना मोडली तर तो अतिसंवाहक होतो हे माहीत होतं. पण साध्या दाबाखालचा शुद्ध स्फटिक? दशकानुदशकं लोक तो थंड करत गेले, काही होईना.

एस. रामकृष्णन यांच्या गटाने, म्हणजे ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि त्यांनी, तो आणखी थंड केला. किती? ०.५३ मिलिकेल्विन. एका केल्विनचा दोन हजारावा भाग, साधारण. तिथे बिस्मथने हार मानली. डिसेंबर २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. यात नजाकत केवढी बघा. ही अतिसंवाहकता मोडायला लागणारं चुंबकक्षेत्र ५ मायक्रोटेस्लाच्या आसपास. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व त्याच्या सात-आठपट. म्हणजे पृथ्वीपासून झाकल्याशिवाय हे दिसणारच नव्हतं.

उपयोग काय? तारेसाठी शून्य. महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे साधारण एकच मोकळा इलेक्ट्रॉन. त्यांची ऊर्जा इतकी कमी की जाळीच्या थरथरीच्या बरोबरीला येते. म्हणजे मघाची अट मोडली. इलेक्ट्रॉन पुढे आणि जाळी रेंगाळलेली, असं इथे नाहीच. बीसीएसच्या हिशेबाने असं काही दिसायला नको होतं, आणि दिसलं.

६. सपाट पट्टा म्हणजे काय : गड्ड्याची जत्रा

आता मुख्य मुद्द्याकडे. बिस्मथमध्ये इलेक्ट्रॉन सुस्त आहेत, कारण ते थोडे आहेत. पण आपण मुद्दाम सुस्त इलेक्ट्रॉन घडवले तर?

स्फटिकात इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ऊर्जा पट्ट्यांमध्ये विभागलेल्या असतात. पट्टा उतरता-चढता असेल तर इलेक्ट्रॉन धावतो. पट्टा सपाट असेल तर उतारच नाही, सगळ्यांची ऊर्जा सारखी, आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ जागच्या जागी.

पुणे हायवेवर गाड्या ऐंशीने चालल्यात, शेजारच्या गाडीत कोण आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा बघा. पावलागणिक थांबायचं. मग शेजारच्याचा कोपर लागतो, ओळख निघते, भांडण निघतं, सोयरीकही जमते. वेग गेला की नाती ठरवतात. सपाट पट्ट्यात तेच होतं. इलेक्ट्रॉनांची धाव बाजूला पडते आणि त्यांचं आपसातलं नातं राज्य करतं. कधी सगळे अडकून बसतात, कधी चुंबक होतात, कधी जोड्या जमतात.

याचा गणितात मोठा फायदा आहे. साध्या धातूत आकर्षण थोडं असेल तर संक्रमणाचं तापमान अगदी नगण्य निघतं, कारण ते घातांकाच्या कात्रीत सापडतं. सपाट पट्ट्यात तापमान आकर्षणाच्या सरळ प्रमाणात वाढू शकतं. म्हणून लोक सपाट पट्ट्यामागे लागले.

असा पट्टा करायचा कसा? इथे विणकरांच्या गावाला कान टवकारायला हरकत नाही. कारण दोन्ही उत्तरं विणीतून आली आहेत.

पहिली वीण टोपलीची. आपल्याकडे बुरूड बांबूच्या कामट्या तीन दिशांनी घालून षट्कोनी भोकांची जाळी विणतात. जपानीत त्या विणीला कागोमे म्हणतात. कागो म्हणजे टोपली, मे म्हणजे डोळा. १९५१ मध्ये ओसाकाच्या इतिरो स्योझी यांनी हे नाव भौतिकशास्त्रात आणलं. या जाळीच्या एका षट्कोनाच्या सहा कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनची लाट आळीपाळीने वर, खाली, वर, खाली ठेवा. बाहेरचा प्रत्येक सांधा दोन शेजारच्या कोपऱ्यांना जोडलेला. एकाकडून 'वर' येतं, दुसऱ्याकडून 'खाली'. बेरीज शून्य. लाट बाहेर पडूच शकत नाही. कुणी भिंत बांधली नाही, कुलूप लावलं नाही, फक्त विणीनेच तिला कोंडलं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला सिझियम-व्हॅनेडियम-अँटिमनीच्या अशा जाळीत २.५ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. ती सपाट पट्ट्यामुळेच आहे असं मात्र म्हणता येत नाही.

दुसरी वीण कापडाची. मच्छरदाणीचे दोन पापुद्रे एकावर एक धरा आणि एक किंचित फिरवा. मोठमोठ्या लाटा दिसतात, ज्या कुठल्याच एका पापुद्र्यात नाहीत. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. असा लहरा कापडात दिसला की ते ताणा आणि फणी तपासायला जायचे. त्यांच्या लेखी तो दोष. फ्रान्समध्ये मात्र रेशमावर मुद्दाम असा लहरा उठवत, त्याचं नाव मॉयरे. भौतिकशास्त्राने तोच शब्द उचलला.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा पापुद्रा. असे दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवून जरा फिरवले की मॉयरे तयार होतो. २०११ मध्ये अमेरिकेत टेक्सासला बिस्ट्रित्झर आणि मॅकडोनल्ड यांनी हिशेब मांडला की कोन साधारण १.१ अंश ठेवला तर इलेक्ट्रॉनांचा वेग कोसळेल आणि पट्टा सपाट होईल. तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही. मार्च २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिलो-हेरेरो आणि त्यांचा विद्यार्थी युआन साओ यांनी ते करून दाखवलं. १.७ केल्विनला अतिसंवाहकता.

तुम्ही म्हणाल, १९११ चा पारा ४.२ ला व्हायचा, हे तर त्याहून खाली. बरोबर. पण इथे इलेक्ट्रॉन इतके विरळ आहेत की त्या मानाने १.७ हा आकडा फार मोठा आहे. शिवाय पदार्थ न बदलता नुसतं व्होल्टेजचं बटण फिरवून त्याच तुकड्याला कुलूपबंद विरोधक करता येतं, मग अतिसंवाहक. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ज्यासाठी दर वेळी नवी भट्टी लावायची, ते इथे बटणावर.

भारतातही हे काम झालंय. टीआयएफआरमध्ये मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनचे दुहेरी पापुद्रे एकमेकांवर फिरवून त्यातले सपाट पट्टे मोजतो. त्यांचं काम २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आणि २०२२ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये आलं. म्हणजे हा इतिहास कुलाब्यात अजून घडतोय.

७. पण हलतच नाहीत तर वाहतात कसे?

हुशार विद्यार्थी इथे हात वर करतो. "सर, सपाट पट्ट्यात इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही म्हणता. मग करंट कसा जाईल?"

नेमका प्रश्न. जोड्या जमणं वेगळं आणि त्यांनी एका लयीत वाहणं वेगळं. पूर्वी टीआयएफआरमध्ये असलेले आणि नंतर अमेरिकेत गेलेले मोहित रंदेरिया यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये हेच दाखवलं, की या लयीच्या ताठपणाला मर्यादा आहे आणि ती तापमानालाही मर्यादा घालते. नुसता पट्टा सपाट करून काम होत नाही.

उत्तराचा एक भाग फिनलंडहून आला. २०१५ मध्ये पेओत्ता आणि टोर्मा यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉनच्या लाटा जागच्या जागी असल्या तरी शेजारच्या लाटांवर पसरलेल्या असतात. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहतात. कुणी जागा सोडत नाही, बादली मात्र हातोहात पुढे जाते. हात एकमेकांपर्यंत पोचले पाहिजेत, एवढीच अट. मघाच्या टोपलीत असे षट्कोन शेजारी-शेजारी एक कोपरा वाटून घेतात. हा वाटलेला कोपरा म्हणजे बादली देण्याघेण्याची जागा. एकटा इलेक्ट्रॉन कोंडलेला, पण जोडी पुढे सरकू शकते.

८. पुन्हा कचरा, २०२३

आता तो फॉरवर्ड. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून दावा आला की शिसं, तांबं आणि फॉस्फेटचा एलके-९९ नावाचा काळसर दगड शंभर अंशांच्या वरही अतिसंवाहक आहे. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचे व्हिडिओ जगभर फिरले. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या एका संगणकीय अभ्यासात त्या पदार्थात सपाट पट्टे असू शकतात असं निघालं, आणि लोकांनी तो पुरावाच मानला. आता वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा, सपाट पट्टा म्हणजे अतिसंवाहकता का? जत्रेत गर्दी झाली म्हणजे सोयरीक जमलीच असं थोडंच आहे! चेंगराचेंगरीही होते.

दिल्लीच्या त्याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने तो पदार्थ भट्टीत बनवला आणि तपासला. अतिसंवाहकता नाही. जगातल्या इतर प्रयोगशाळांचंही तेच. आणि मूळ विरोधाची उडी कशामुळे होती? इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांनी ओळखलं की ते तापमान, १०४ अंश, कॉपर सल्फाइडच्या रूपांतराचं आहे. पदार्थ बनवताना कॉपर सल्फाइड कचरा म्हणून आत राहतो. उडी त्याची होती.

म्हणजे बघा. १९९४ ला मुंबईत कचरा, २०२३ ला कोरियात कचरा. एकीकडे नवं कुटुंब सापडलं, दुसरीकडे फुगा फुटला. फरक नशिबाचा होता असं मला वाटत नाही. मुंबईत खूण अंधुक होती तरी त्यांनी स्वतःच विचारलं, हे कुणामुळे? कोरियात आधी जाहीर झालं, आणि तो प्रश्न दुसऱ्यांना विचारावा लागला.

९. आपण काय मागायचं

पुढचा फॉरवर्ड येईल तेव्हा तीन गोष्टी विचारा. विरोध शून्य आहे की नुसता कमी? चुंबकक्षेत्र पूर्ण बाहेर ढकलतो का? आणि दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या माणसांनी ते पुन्हा करून पाहिलं का? तिन्हींना हो असेल तरच पेढे वाटा.

दुसरं, राज्यकर्त्यांकडे. या सगळ्या इतिहासात एकही टप्पा 'याचा उपयोग काय' या प्रश्नाला आधी उत्तर देऊन सुरू झालेला नाही. जमखंडीच्या रेषेतून एमआरआय निघेल असं १८६८ ला कुणी सांगू शकलं नसतं. बिस्मथला काहीच बाजारभाव नाही, पण सिद्धांत कुठे फाटलाय हे त्याने दाखवलं. आज कॉलेजांना विचारलं जातं, तुमच्या संशोधनाचं पेटंट किती, स्टार्टअप किती. चांगलं आहे. पण जिल्ह्याच्या कॉलेजात द्रव नायट्रोजनचा एक कॅन, चार तारांचा विरोध मोजायचा एक साधा संच आणि तो उघडू देणारा एक मास्तर एवढं असलं, तर एलके-९९ सारखा दावा आपली पोरं स्वतः तपासू शकतील. निदान नायट्रोजनच्या तापमानापर्यंत तरी. त्यासाठी कुलाबा लागत नाही. कोल्हापूरने द्रावणात पट्ट्या बुडवून ते दाखवलेलं आहे. अनेक कॉलेजांत असे संच आहेतही, फक्त कपाटात कुलूपबंद, 'मोडतील' म्हणून. मोडू द्या.

सामान्य तापमानाचा अतिसंवाहक मिळेल का? निसर्गाच्या कुठल्या नियमाने त्याला मनाई केलेली नाही. उद्या मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कधीच मिळणार नाही म्हणणाऱ्यावरही नको. मिळाला, तर रायचूरहून येणाऱ्या तारेला त्याचा पहिला फायदा व्हावा अशी माझी आपली सोलापुरी इच्छा आहे.

वीण आपल्याला कळते. धागा कुठे अडकतो आणि कुठे सुटतो, हे या गावाला शिकवावं लागत नाही. तेच डोळे लावून कुणी पोरगं या विषयाकडे वळलं, तर ही पोस्ट लिहिल्याचं सार्थक झालं. दहावी-बारावीच्या मुलांपर्यंत पोचवा.